ट्रॅकसाठीच्या गाड्या इतक्या जड का होत चालल्यात?

तिसरा_गियर

आधी आकडे टाकतो, मग रडतो.

१९८५ ची पहिली बीएमडब्ल्यू एम५ साधारण १४३० किलोची होती. २०२४ साली आलेली आत्ताची एम५ कंपनीच्याच कागदावर २४३५ किलो. म्हणजे चाळीस वर्षांत या गाडीच्या अंगावर अख्खा एक टन चढला. ताकद ७२७ पीएस (म्हणजे घोडे), टॉर्क १००० न्यूटनमीटर, आणि तरीही शून्य ते शंभरला ३.५ सेकंद. आधीच्या पिढीतली एम५ कॉम्पिटिशन ६२५ पीएसमध्ये हेच काम ३.३ सेकंदांत करायची. शंभर घोडे जास्तीचे जुंपले आणि गाडी मागे पडली!

मर्सिडीजच्या सी६३ ची तीच गत. व्ही८ काढून चार सिलिंडर आणि बॅटरी बसवली, वजन २१११ किलो.

बरं, या चार दारांच्या गाड्या, मान्य. पण खास ट्रॅकसाठी म्हणून ज्या विकतात त्यांचं काय? २००३ ची एम३ सीएसएल १३८५ किलोची होती. २०२२ ची एम४ सीएसएल मागची सीट काढून, जिथे तिथे कार्बन लावून, १०० किलो उतरवल्याची दवंडी पिटून १६२५ किलो. उपास केल्यावरही २४० किलो जास्तच.

तर प्रश्न दोन. हे वजन येतं कुठून? आणि ट्रॅकवर त्यामुळे खरंच काही बिघडतं का, की आपण नुसतेच जुन्याचे गोडवे गातोय? लॅप टाइम, म्हणजे एका फेरीची वेळ, तर दरवर्षी खालीच येतेय.

ज्यांना 'भारतात ट्रॅक आहेतच कुठे' असं विचारायचंय त्यांनी ते एकदाचं विचारून घ्यावं आणि मुद्द्यावर यावं.

शेंगदाणा_चिक्की

भारतात ट्रॅक आहेतच कुठे?

घाटमाथा

@शेंगदाणा, आलास का! चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरला करी, ग्रेटर नोएडाला बुद्ध. तिन्ही पुण्यापासून हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब, हे आपलं नशीब.

धागा वाचतोय. नटबोल्ट काका येईपर्यंत मी गप्प.

नटबोल्ट

आलो. सकाळचा चहा व्हायचाय, त्यामुळे थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो, जमणार नाही हे ठाऊक आहे.

वजन एका ठिकाणाहून येत नाही. कुठल्याही गाडीच्या प्रकल्पात प्रत्येक विभाग आपापले दोन-चार किलो घेऊन मीटिंगला येतो. धडकेच्या चाचणीवाले दारातली तुळई जाड मागतात. आवाजवाले फरशीवर डांबरी पत्रे चिकटवतात. उत्सर्जनवाले पेट्रोल गाडीलाही धूलिकण-गाळणी लावतात. मार्केटिंगला वीसच्या जागी एकवीस इंची चाकं हवी असतात, कारण फोटोत बरी दिसतात. प्रत्येकाचं म्हणणं स्वतंत्रपणे रास्तच असतं.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. शंभर किलो वाढले की ब्रेक मोठे लागतात. मोठी डिस्क मावायला मोठं चाक. मोठ्या चाकाला रुंद टायर, त्याला रुंद मडगार्ड, जाड कंट्रोल आर्म, दणकट डॅम्पर. मग रेंज टिकवायला टाकी मोठी. शंभराचे दीडशे कधी झाले ते कुणालाच कळत नाही. १९७३ च्या पोर्शे कॅरेरा आरएसला पुढे १८५ आणि मागे २१५ चे टायर होते, चाकं १५ इंची. आजच्या ९११ जीटी३ आरएसला पुढे २७५ आणि मागे ३३५, चाकं पुढे २० आणि मागे २१ इंची. टायर, चाक, डिस्क हे सगळं स्प्रिंगच्या खालचं वजन, म्हणजे सगळ्यात वाईट जागी चढलेलं.

आणि आता बॅटरी. एम५ चं वजन बीएमडब्ल्यूच्या बव्हेरियातल्या कुणाला आवडतं म्हणून वाढलेलं नाही. युरोपात कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाला मर्यादा आहे, ओलांडली की दंड. एम५ सारख्या प्लग-इन हायब्रिडला, म्हणजे इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरीही असलेल्या गाडीला, चाचणीत मोठी सूट मिळते. त्यामुळे ७२७ पीएसची ही गाडी कागदावर १०० किलोमीटरला दोन लिटरच्या आत पेट्रोल पिते.

शेंगदाणा_चिक्की

म्हणजे लिटरला पन्नासच्या वर?? आमच्या पिताश्रींना दाखवतो. "मायलेज किती देते" या प्रश्नाला अखेर युरोपियन युनियनने उत्तर दिलं.

मंजिरी_के

मला एक कळत नाही. प्रत्येक वेळी 'जुन्या गाड्या हलक्या होत्या' म्हणताना त्या हलक्या का होत्या ते कुणी बोलत नाही. १९७३ च्या गाडीत एअरबॅग नव्हत्या, बाजूने धडक बसली तर दाराचा पत्रा आणि तुम्ही. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणारं युरो एनकॅप १९९७ ला सुरू झालं, आपल्याकडे भारत एनकॅप तर २०२३ ला. माझा भाऊ पुणे-बेंगळुरू हायवेवर कार दोनदा उलटून चालत बाहेर आला. त्या गाडीच्या एकेका किलोला माझा नमस्कार.

तिसरा_गियर

मंजिरीताई, सुरक्षिततेला विरोध नाहीच. पण सगळं बिल तिच्या नावावर फाडू नका. अल्पिन ए११० २०१७ ची गाडी, युरोपचे सगळे नियम पाळून ११०० किलोच्या आसपास. माझ्दाची चौथ्या पिढीची एमएक्स-५ तिसऱ्या पिढीपेक्षा हलकी झाली, एअरबॅगांसकट. टोयोटा जीआर यारिस चारही चाकांना ताकद देऊन १२८० किलो. ज्यांना करायचंय त्यांना जमतंय.

रंकाळा_रेसर

नाद खुळा धागा!

पण भावांनो, वजन म्हणजे वाईटच असं कोण म्हणतंय? तालमीत या आमच्या. साठ किलोचा पोरगा किती का चपळ असेना, शंभर किलोच्या पैलवानापुढं त्याचे पाय मातीत रुततच न्हाईत. गाडीचंबी तसंच. वजन असलं की टायर रस्त्याला दाबून बसतोय. निस्सान जीटी-आर बनवणारे मिझुनो साहेब हेच सांगायचे की, वजन मुद्दाम ठेवलंय, टायरवर दाब हवा म्हणून. १७४० किलोची गाडी, आणि तिनं भल्याभल्यांना रडवलंय.

नटबोल्ट

@रंकाळा, जीटी-आरने रडवलं हे शंभर टक्के खरं. पण कारण अर्धंच सांगितलंस.

टायरवरचा भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. वळणावर गाडीला बाहेर ओढणारं बळ मात्र वजनाच्या हिशेबात अगदी चोख दुप्पट होतं, एक पैसा सोडत नाही. त्यामुळे त्याच टायरवर जड गाडी वळणात नेहमी तोट्यात. तो तोटा भरायला रुंद टायर, मऊ रबर, मागची चाकं वळवणारी यंत्रणा, चाकांत ताकद वाटणारं हुशार डिफरेन्शियल हे सगळं येतं. जीटी-आर हुशार होती म्हणून जिंकली. तिचं वजन तिने सांभाळून घेतलं.

टायर दाबायचाच असेल तर हवेने दाबा. जीटी३ आरएस ताशी २८५ किलोमीटरला ८६० किलोचा दाब हवेतून काढते, आणि हे ८६० किलो वळवायला किंवा थांबवायला काहीच लागत नाही. हे फुकटचं वजन. रेसिंगवाले पन्नास-साठ वर्षं पंख लावतायत ते उगाच नाही.

रंकाळा_रेसर

काका, पटलं. पण आमचा पैलवान मागं घेत न्हाई.

स्टुटगार्टकर

इकडे स्टुटगार्टात पुण्या-नाशिकची बरीच मंडळी गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, त्यामुळे ऑफिसच्या जेवणात हा विषय दर आठवड्याला निघतो. आकडे सगळ्यांना पाठ. पण नुर्बुर्गरिंगला जाऊन आल्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही असं माझं प्रामाणिक मत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नॉर्डश्लाइफे हा जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक, ठरावीक दिवशी सामान्य माणसाला टोल भरून स्वतःच्या गाडीने फेरी मारता येते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो. एक सहकाऱ्याची जुनी एमएक्स-५, दुसरी एकाची पावणेदोन टनांची, पाचशेच्या वर घोडे असलेली सेदान. नावं घेत नाही, मालक मराठी आहे आणि इथे वाचक म्हणून येतो.

सेदान सरळ रस्त्यावर भयानक. श्वेडनक्रॉइत्सचं वळण ओलांडून आरेमबेर्गच्या उजव्या वळणासाठी ब्रेक दाबायचा असतो, तिथे पहिल्या फेरीत सगळं छान. दुसऱ्या फेरीत त्याच जागी पेडल दोन बोटं खाली गेलं. पार्किंगमध्ये आलो तेव्हा पुढच्या चाकातून कोळशासारखा वास, आणि टायरच्या बाहेरच्या कडेला रबराच्या शेवया निघालेल्या. हात लावला तर बोटाला चिकटत होत्या. मालक अर्धा तास गाडीभोवती फेऱ्या मारत होता, ब्रेक गार व्हायची वाट बघत. तेवढ्यात एमएक्स-५ दोनदा जाऊन आली. तिच्या ब्रेकला कळलंसुद्धा नाही.

कुठली गाडी जास्त वेगात फिरली? सेदान, प्रश्नच नाही. कुणी जास्त मजा केली ते मालकाला विचारा, तो उत्तर देणार नाही.

नटबोल्ट

याचं गणित सोपं आहे. ताशी २५० वरून थांबायचं तर १४५० किलोच्या गाडीत साधारण ३.५ मेगाज्यूल ऊर्जा असते, २४३५ किलोच्या गाडीत ५.९. हायब्रिडची मोटर त्यातलं थोडं परत घेईल, बाकी सगळं डिस्क-पॅडमध्ये उष्णता होऊन जाणार. एका ब्रेकिंगला चालून जातं. ट्रॅकवर मिनिटभरात तसे चार-पाच येतात आणि डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही. लॅप टाइम एका फेरीचा असतो, नव्या टायरवर, कंपनीच्या ड्रायव्हरने मारलेला. दहाव्या फेरीचं काय ते जाहिरातीत येत नाही.

सौ_सुगरण

ह्यांनी मागच्या वर्षी गाडीचं वजन कमी करायचं म्हणून स्पेअर व्हील काढून घरात आणून ठेवलं. १४ किलो वाचले म्हणे. स्वतःचं पोट त्याहून जास्त आहे हे सांगितलं तर राग आला. व्हील अजून बाल्कनीत आहे, त्यावर कुंडी ठेवलीय. (हलके घ्या.)

घाटमाथा

सौ_सुगरण, __/\__

शेंगदाणा_चिक्की

ताई, तुमचे हे म्हणजे या धाग्यावरचेच कुणी आयडी नाहीत ना? स्टुटगार्टकर सोडून सगळ्यांवर संशय आहे.

पिटलेन

थोडं अवांतर. फॉर्म्युला वनची पण हीच कथा. २००८ ला ड्रायव्हर धरून किमान वजन ६०५ किलो होतं. २०१४ ला हायब्रिड इंजिनं आली तेव्हा ६९१. २०२२ ला ७९८. इतकी लांब-रुंद गाडी मोनॅकोच्या गल्लीत ओव्हरटेक कशी करणार? शेवटी २०२६ साठी गाडी आखूड आणि अरुंद करून मर्यादा ७६८ वर आणली. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही वजन बोचतंच.

हेलोमुळे (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं संरक्षक कडं) काही किलो वाढले त्याबद्दल तक्रार नाही. २०२० ला बहरीनला ड्रायव्हर ग्रोजाँ आगीतून चालत बाहेर आला, त्यानंतर हेलोवर वाद संपला.

मंजिरी_के

@पिटलेन, हेच मी वर म्हणत होते.

आकडेमोड

सगळेजण आकडे फेकताय, पण वजन कुठल्या पद्धतीने मोजलंय ते कुणीच बघत नाहीये. डीआयएन (जर्मन पद्धत) म्हणजे टाकी ९० टक्के भरलेली, ड्रायव्हर नाही. युरोपियन पद्धतीत वर ७५ किलो ड्रायव्हर-सामानाचे. आणि इटालियन मंडळींचं 'कोरडं' वजन म्हणजे तेल नाही, पाणी नाही, पेट्रोल नाही, म्हणजे अशी गाडी जी सुरूच होऊ शकत नाही. फेरारी २९६ जीटीबी १४७० किलो, लॅम्बोर्गिनी रेवुएल्टो १७७२, दोन्ही कोरड्या. टाकी भरून काट्यावर चढवा मग बोलू. सोनाराने मजुरी न धरता भाव सांगितला तर आपण ऐकून घेऊ का?

तिसरा_गियर

@आकडेमोड, मुद्दा बरोबर. माझे एम५ आणि दोन्ही सीएसएलचे आकडे ड्रायव्हरशिवायचे आहेत, त्यामुळे आपसात तुलना चालते.

वेल्डिंग_दादा

मी फॉर्म्युला स्टुडंटवाला, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी स्वतः रेसिंग गाडी बनवायची स्पर्धा. पुण्यातल्या कॉलेजच्या टीममध्ये होतो, स्पर्धा कोइंबतूरला करी ट्रॅकवर.

तुम्ही किलोत बोलताय, आम्ही ग्रॅमवर भांडायचो. सस्पेन्शनच्या अपराइटला (चाक धरून ठेवणारा भाग) सीएनसी मशीनवर खिसे कोरून घ्यायचे, तर मशीनवाला काका प्रत्येक खिशाला वेगळे पैसे लावायचा. मग बजेट बघून ठरायचं, डावीकडचे खिसे या महिन्यात, उजवीकडचे पुढच्या. चार चाकांखाली ठेवायचे वजनकाटे महाग, म्हणून घरोघरचे चार बाथरूमचे काटे आणले. त्यातला एक कायम दोन किलो जास्त दाखवायचा. आम्ही त्या कोपऱ्यावरचे दोन किलो वजा करत बसायचो आणि दर वेळी कुणीतरी विचारायचं, "तो काटा कुठल्या चाकाखाली आहे आज?"

सांगायचा मुद्दा: हलकं करणं अवघड नाही, महाग आहे. पोलादाचा तुकडा दोनशे रुपयांत होतो, तोच ॲल्युमिनियमचा कोरून दोन हजारात, कार्बनचा तर विचारूच नका. कंपनीलाही हेच लागू. वजन वाढवणं फुकट पडतं, कमी करायला गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावे लागतात.

स्टुटगार्टकर

वेल्डिंग_दादा, एकदम मर्मावर बोट. आमच्या गावची पोर्शे जीटी३ आरएस घ्या. १९७३ ची कॅरेरा आरएस हलक्या रूपात ९६० किलो, २१० पीएस. २००३ च्या सुमाराची पहिली जीटी३ आरएस १३६० किलो. २०२२ ची १४५०, ५२५ पीएस, नॉर्डश्लाइफेवर ६ मिनिटं ४९ सेकंद. म्हणजे वजन वाढलं ते मुख्यतः पहिल्या तीस वर्षांत. नंतरच्या वीस वर्षांत फक्त ९० किलो, तेही एवढा पंख आणि एवढे टायर लावून. दारं, छत, पुढचे मडगार्ड, बॉनेट सगळं कार्बनचं आहे म्हणून जमलं. आणि त्याहून हलकी हवी तर २०२३ ची ९११ एस/टी, १३८० किलो, फक्त १९६३ गाड्या काढल्या. भाव विचारू नका.

तिसरा_गियर

हा प्रतिसाद वाचून माझ्या प्रश्नाचा रोखच थोडा बदलतोय.

म्हणजे ट्रॅकच्या सगळ्या गाड्या जड झाल्या असं नाही. वरच्या टोकाच्या हलक्याच राहिल्या, कारण तिथे कार्बनचे पैसे द्यायला लोक तयार आहेत. डिझायनर गॉर्डन मरेंची टी.५० बघा, व्ही१२ इंजिन, तीन सीटा आणि वजन हजार किलोच्या आत. किंमत कर सोडून २३ लाख पौंडांच्या वर. आणि ज्या लोटसचा संस्थापक चॅपमन आयुष्यभर हलकेपणा शिकवत गेला, जिची पहिली एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास होती, तीच कंपनी आज अडीच टनांची इलेक्ट्रिक एसयूव्ही विकते.

मेली ती मधली गाडी. पूर्वी चांगली नोकरी असलेला माणूस कर्ज काढून एम३ घ्यायचा, आठवडाभर ऑफिसला जायचा आणि रविवारी ट्रॅकवर. त्याला आता त्याच नावाने पावणेदोन-दोन टन मिळतात आणि वर सांगतात की लॅप टाइम बघा.

आकडेमोड

मधली मेली नाही, लहान झाली. जीआर यारिस, ए११०, एमएक्स-५ तूच वर दिल्यास. बॅज मोठा हवा आणि वजन कमी हवं असा हट्ट असेल तर पैसे मोजा.

तिसरा_गियर

त्यातली एकही भारतात शोरूममध्ये मिळत नाही, साहेब.

रंकाळा_रेसर

मग काय करायचं? वीस लाखात काय घेऊन जायचं करीला? सिरीयस विचारतोय. गो-कार्ट सोडून कायतरी सांगा.

घाटमाथा

जुनी पोलो टीएसआय किंवा जुनी बलेनो आरएस. बलेनो आरएस साडेनऊशे किलोची, १०२ पीएस, चारही चाकांना डिस्क. गाडीत पाच-सहा लाख घाला, उरलेले टायर, पॅड, ब्रेक फ्लुइड आणि ट्रॅक फी. गंमत म्हणजे हलक्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा इथेच कळतो. टायरचा एक सेट कितीतरी दिवस पुरतो आणि पॅड दर खेपेला बदलावे लागत नाहीत. जड गाडीवाले मित्र टायरच्या बिलापायी यायचे बंद झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नटबोल्ट

+१. आणि ताकद वाढवायच्या आधी ब्रेक फ्लुइड बदल. जुनं फ्लुइड पाणी शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि पेडल जमिनीला टेकतं ते नेमकं लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी. त्यानंतर सीट, मग टायर. इंजिनला वर्षभर हात लावू नकोस.

रंकाळा_रेसर

काका, इंजिनला हात न लावता कोल्हापुरात तोंड कसं दाखवायचं?

मंजिरी_के

हेल्मेट घालून.

वेल्डिंग_दादा

=)) =))

कोइंबतूरचं ठरलं तर मला कळवा. काटे चारही अजून माझ्याकडेच आहेत, तो दोन किलोवालासुद्धा.

सौ_सुगरण

त्यावर आधी ड्रायव्हर उभे करा.